देठ

पाळकाच्या वहीत मी लिहून ठेवलं होतं :
गुरुवार. तबिथाबाई वसावे.
वय ब्याऐंशी की सत्त्याऐंशी, तिलाही नक्की नाही.
मुलगा सुरतेला, साडीच्या कारखान्यात.
गुडघे. डावा कान. मोतीबिंदू एका डोळ्याचा काढलेला.
गरज : सांत्वन.

आम्हाला एक विषय होता कॉलेजात,
वृद्धांची आत्मिक काळजी,
शंभर मार्कांचा. मला एकाहत्तर पडले.
हात हातात घ्यावा. आवाज खाली ठेवावा.
गेलेल्यांची नावं घेऊ द्यावीत, मध्ये बोलू नये.
मिरचीबद्दल त्यात काही नव्हतं.

नंदुरबारच्या बाहेर, जानेवारीत,
जमीन लाल असते. पथारीच्या पुढे पथारी,
नजर जाईल तिथवर वाळत घातलेली,
आणि मोटारसायकलवरचा माणूस
शिंकत शिंकतच गावात शिरतो.

घरात ती नव्हती.
मडक्यावर झाकण, झाकणावर उपडा पेला,
दाराला कडीसुद्धा नाही.
एक पोरगं म्हणालं, ती ना? ती कामावर.

अकरा बायकांत बारावी,
नाकावर पदर, पुढ्यात ढीग,
किलोवर मजुरी.
मी शिकल्याप्रमाणे तिचा हात हातात घेतला.
तिनं तो काढून घेतला.
मी स्तोत्र उघडलं.
"माले पाठ शे ते," ती म्हणाली. "बठ. देठ खुड."

अंगठ्याचं नख असं.
ओढायचं नाही, वळवायचं,
म्हणजे देठ आपणहून सुटतो
आणि बी आतच राहतं.
मला वाटलं, आता ती काहीतरी सांगणार,
सुटण्याबद्दल, जाण्याबद्दल.
मी वही काढायलाच बसलो होतो.
ती म्हणाली, "तू फोडी राह्यना.
फुटेलले भाव नई."

मग मी डोळा चोळला.

बारा बायका हसल्या, सगळ्याच्या सगळ्या,
एकीचा तर पदर सुटून ढिगात पडला.
मी आंधळा, नाक गळतंय, पुस्तक कुठे ते ठाऊक नाही,
आणि तबिथाबाई माझ्या डोळ्यांवर
तांब्यातलं पाणी ओतत म्हणाली,
"आते रडना तू बरोबर.
आते कर प्रार्थना."

जे तोंडाला आलं ते मागितलं.
तिच्या गुडघ्यांसाठी, तिच्या एकटेपणासाठी,
तिच्या उतरत्या
तिथंच तिनं अडवलं.
गुडघे राहू दे. ते आहेत तसे आहेत.
शिवलीच्या सुनेचं घे, सातवा लागलाय.
मुकादमाचं घे, पितो फार.
आणि उद्याचं घे रे. येतो तो जुनंच विचारतो मला,
मिशनची शाळा कशी होती, मॅडम कशी होती.
उद्या वजन आहे.
काटा खरा असू दे, एवढं माग.

मी मागितलं.
बाराही जणी आमेन म्हणाल्या,
त्यात सात जणी आमच्या मंडळीतल्या नव्हत्या.

सावलीला सरकून मी डबी उघडली,
भाकर मोडली, तिच्या तळहातावर ठेवली.
हात धुवायचं राहून गेलं होतं.
चार दातांनी ती बराच वेळ चावत राहिली,
डोळे मिटून, कुठं कुणास ठाऊक जाऊन.
पुस्तकात या क्षणाला शांतता म्हणतात.
मग एक डोळा उघडला, काढलेल्या मोतीबिंदूचा :
"भाकर तिखी लागस आज."
आणि पेला पुढं केला,
"रस जरा जास्ती ओत."

रात्री अंगठा आगीसारखा.
बायकोनं दही लावलं, काही विचारलं नाही,
नुसती खोकत राहिली.
वही काढली. सांत्वन खोडलं.
त्या जागी काय लिहावं
ते बराच वेळ सुचलं नाही.
शेवटी लिहिलं :
पुढचा गुरुवार. लवकर निघावं.
रुमाल न्यावा.
नख वाढवावं.